आधी भोक, मग साचा

माझ्या दुकानात येणारी प्रत्येक वस्तू मी आधी आपटते. मग वजन करते, मग भाव सांगते. माणसांना आपटता येत नाही, म्हणून त्यांच्याकडे नुसतं बघते. पण पुष्कळ वेळ बघते. शहापुरात लोक मला तोंडावर भंगारवाली आजी म्हणतात आणि पाठीमागे संशयी म्हातारी म्हणतात. पाठीमागे कोण कोण म्हणतं तेही मला माहीत आहे.

वाण्याला तराजू लागतो तसा भंगारवाल्याला संशय लागतो. दोन्ही रोज पुसून ठेवावे लागतात. लोखंड, पत्रा, पितळ, जर्मनची म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची भांडी असं सगळं आमच्याकडे येतं. त्यात शिसं सगळ्यात कमी येतं आणि सगळ्यात जास्त खोटं येतं. मऊ धातू. त्याच्या पोटात काहीही लपवता येतं. म्हणून आपटायचं. लोखंड आपटलं की टणकन ओरडतं, पितळ चांगलं गातं, आणि शिसं थप्प करून गप्प बसतं. शिशाचा गोळा बोलला की समजायचं, आत कोणीतरी आहे.

एकदा इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ आले. करवंटीत ओतलेला शिशाचा गोळा घेऊन आले होते, करवंटीच्या आतल्या शिरा सुद्धा त्यावर उमटलेल्या. मी फरशीवर आपटला. टिण्ण.

"काका, आत कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"बोलतंय ना कुणीतरी."

छिन्नी लावली. गोळा उघडला तर आतून हातोडीचं डोकं निघालं, चांगलं जाडजूड. काका त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हा इथं होय! मी घरभर शोधत होतो." त्या उत्तराबद्दल मी त्यांना चहा पाजला. गोळा घेतला नाही.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिसं आमच्याकडे तुकड्यातुकड्यांनी येतं. गाडीच्या चाकाला तोल साधायला लहान वजनं लावतात ती, जुन्या केबलची साल, मासेमारीच्या जाळ्यांच्या गोळ्या, पाडलेल्या इमारतींतल्या पाइपांचे सांधे. बॅटरी मी घेत नाही आणि फोडत तर नाहीच, त्यातलं आम्ल माणसाला खातं. हे तुकडे कढईत वितळवायचे, वर तरंगणारा काळा मळ पळीने काढायचा, आणि खालचं चकचकीत शिसं साच्यात ओतायचं. गार झालं की लगड तयार. कल्याणचा व्यापारी लगड घेतो, तुकडे घेत नाही. तुकड्यांवर त्याचाही संशय असतो.

आता साचा. विकत मिळतो, पण विकत घेतो कोण? आमच्याकडे जो तो घरातलंच काहीतरी शोधतो. साचा निवडणं म्हणजे जावई निवडण्यासारखं. कोरडा हवा, बुडाला निमुळता नि तोंडाला रुंद हवा, ताप सोसणारा हवा, आणि वेळ आली की मुकाट्याने सोडून देणारा हवा. शेवटचा गुण दोघांतही सहसा सापडत नाही.

मी लग्न होऊन वैशाखऱ्याहून शहापुरात आले तेव्हा मला वाटायचं, या घरात अक्कल घेऊन आलेली पहिली बाई मीच. दहावी झालेली, वेणी कमरेपर्यंत, आणि प्रत्येक गोष्टीवर माझं एक मत. सासरचे लोक लोखंडी पन्हळीच्या तुकड्याला दोन्हीकडे पत्रा जोडून त्यात शिसं ओतायचे. ती लगड दिसायची जनावराच्या जबड्यासारखी. मी ठरवलं, आपली लगड सुंदर असेल.

रुखवतातली पितळी वाटी काढली. नुकती कल्हई केलेली, आरशासारखी. सगळे जेवून आडवे झाले तेव्हा भर दुपारी कढईतलं उरलेलं शिसं मी त्यात ओतलं. गार झाल्यावर वाटी उलटी केली, ठोकली, आपटली, तिच्याशी गोड बोलले. लगड काही निघेना. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील नि शिसं म्हणजे हरवलेली सख्खी भावंडं. एकदा भेटली की सुटत नाहीत. डाग देऊन भांड्यांची भोकं बुजवणाऱ्या सगळ्यांना हे माहीत असतं. दहावी झालेल्यांना नसतं.

सासूबाईंनी वाटी हातात घेतली, आत बघितलं, आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "चला. तुजं माहेर नि सासर एकजीव झालं गो."

ती वाटी अजून दुकानाच्या दाराला अटकाव म्हणून ठेवलेली आहे. वाऱ्याने दार आपटत नाही. माझी अक्कल कुठेतरी कामाला आली.

दुसऱ्या खेपेस मी मंगलोरी कौल निवडलं. मातीला शिसं चिकटत नाही, हे मी वाटीनंतर स्वतः शोधून काढलं होतं. ते खरंही होतं. पण कौल रात्रभर अंगणात होतं, आणि कौल दव पितं हे मी शोधून काढलं नव्हतं. ओल्या साच्यात तापलेलं शिसं पडलं की आतल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती वर यायला वाट शोधते. वाट म्हणजे शिसं. आधी फुस्स झालं, मग फटाक्यासारखं उडालं. बाजूला खुर्चीवर सासरे बसले होते, त्यांच्या टोपीला तीन भोकं पडली. मी पळाले ती थेट शेजारच्या गोठ्यात, आणि म्हशीआड उभी राहून ओरडत होते, "मी काय नाय केलं!" माझ्या डाव्या कोपरावर तांदळाच्या दाण्याएवढा डाग आहे. नातवंडांना मी तो वाघाचा म्हणून सांगते. मोठी नात हल्ली विचारायला लागली आहे, वाघ एवढासा कसा चावला. तिला धंद्यात घ्यायला हरकत नाही.

तिसऱ्या खेपेस मात्र मी खरोखर शहाणपणा केला, आणि त्यावरच सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

त्यांच्या फळीवर बिडाचं जुनं आप्पेपात्र होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: जाड काळा तवा, त्यात सात वाटोळे खळगे, प्रत्येक खळग्यात पीठ घालून गोल आप्पे करायचे. वर्षानुवर्षं तेल पिऊन ते भांडं इतकं गुळगुळीत होतं की आप्पा नुसत्या काडीने उडी मारतो. मी विचार केला, ज्या भांड्याला आप्पा चिकटत नाही त्याला शिसंही चिकटणार नाही. कोरडं, ताप सोसणारं, सोडून देणारं. हाच तो जावई.

मी पळी उचलली आणि माझं मनगट हवेत थांबलं. सासूबाईंनी धरलं होतं.

"भोक कुटं हाय?"

"कसलं भोक?"

"भोक पाडल्याबिगर भांडं साचा व्हत नाय."

त्यांनी आप्पेपात्र बाहेर नेलं. हाताने फिरवायचं ड्रिल आणलं आणि सातही खळग्यांच्या बुडाला एकेक भोक पाडलं. मग प्रत्येक भोकात लोखंडी खिळा घालून खालून ठोकून बसवला. आतून खिळ्याचं डोकं वर दिसत होतं. "आता वत," म्हणाल्या.

मी ओतलं. गार झाल्यावर पात्र उलटं करून ठोकलं, तर सात गोळे टपाटप पडले. प्रत्येकाच्या बुडाला खिळ्याच्या डोक्याची छोटी खळी, हसणाऱ्या पोराच्या गालासारखी.

"आता हे भांडं कुनी बी चुलीवर ठेवणार नाय," सासूबाई म्हणाल्या. "बाई कितीबी घाईत असू दे, खिळा दिसला की थांबंल. माज्या घरातली असू दे नाय तर परक्याची."

मग त्यांनी मान फिरवून सासऱ्यांकडे बघितलं. सासरे नेहमीप्रमाणे खुर्चीवर बसले होते, भोकांच्या टोपीसह. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि मनगटं खाली लटकत होती, पावसाने झोडपलेल्या केळीच्या पानांसारखी. आयुष्य भट्टीपाशी गेलेलं. धूर अंगात, हात न धुता भाकरी, आणि त्यातून शिसं हळूहळू मनगटांच्या नसांत उतरलेलं. त्यांना चहाचा कप उचलता यायचा नाही, सासूबाई बशी तोंडाला लावायच्या. मला लग्न झाल्यावर वाटलं होतं, काय हे लाड. मी त्यावर माहेरी विनोदसुद्धा केला होता.

त्या दिवसानंतर नाही केला.

तेव्हापासून आमच्या दुकानाचा नियम झाला. जो कोणी घरी शिसं ओतून आणेल त्याच्या गोळ्याला खळी पाहिजे. खळी म्हणजे भांडं मेलं, आता त्यातलं शिसं कुणाच्या पोटात जाणार नाही. लोक हसायचे. पण खळी नसेल तर मी माल परत करायची, म्हणून हसत हसत भोकं पाडायचे. आजूबाजूच्या वाड्यांवर किती कढया नि तवे मी असे ठार मारले असतील!

आता जी गोष्ट सांगायला बसले ती.

काही वर्षांपूर्वीची. भात झोडून झालं होतं, थंडी पडली होती. बबन आला. बबन हा फेरीवाला, सायकलला दोन गोण्या लटकवून गावोगाव भंगार गोळा करतो आणि मला आणून देतो. त्याने गोणी ओतली, त्यातून शिशाचे अर्धगोल गोळे घरंगळत फरशीभर गेले.

मी एक आपटला. थप्प. खरं शिसं. दुसरा, थप्प. इतका स्वच्छ माल कुणी आणला की मला आधी पोलीस आठवतात. मग गोळा उलटा करून बुडावरून अंगठा फिरवला.

गुळगुळीत. खळी नव्हती.

मी सगळे गोळे उलटे करून फरशीवर मांडले. एकालाही खळी नाही. मात्र काही गोळ्यांवर एक बारीक उंचवटा होता, चंद्रकोरीसारखा. मोजले तर दर सात गोळ्यांमागे कोरवाला एक निघाला. म्हणजे एकच आप्पेपात्र, आणि त्याच्या एका खळग्यात बिडाचा जुना खड्डा. पात्राला भोक नव्हतं. म्हणजे ते अजून जिवंत होतं, आणि कुणाच्या तरी घरी त्यातच आप्पेही होत होते. कुणीतरी ते खात होतं.

"बबन, हे कुठलं रे?"

"आजी, माल बघ. गाव इचारू नको."

फेरीवाला आपलं गाव सांगत नाही. पावसात रानातली अळंबी कुठे उगवते हे जसं कोणी सख्ख्या भावालाही सांगत नाही, तसंच. सांगितलं तर मी उद्या थेट माल उचलीन, ही त्याची भीती.

"चोरीचं हाय?"

"आईची आन, नाय!"

"मग सांग की. मला माल नको, मला भांडं बघायचंय. त्यात कुणाचं पोर खात असंल बाबा."

"मी काय लोकांच्या सैपाकघरात जातो काय?" बबन म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिले, पुष्कळ वेळ. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाला, "मुरबाडकडचं हाय. तुज्या वैशाखऱ्याच्या बाजूचं."

हे सांगताना तो छताकडे बघत होता. दुसऱ्या कुठल्या गावाचं नाव घेतलं असतं तर मी फसले नसते. पण माहेरचं नाव ऐकलं की बाईचा संशय जरा भोळा होतो.

माल परत केला असता तर त्याने तो दुसरीकडे नेला असता आणि ते भांडं कुठेतरी शिजत राहिलं असतं. म्हणून मी माल घेतला, आणि कोर असलेला एक गोळा पिशवीत टाकला.

तो आठवडाभर मी ज्याच्या त्याच्याकडे संशयाने बघितलं. भाजीवाली म्हणाली, पोराचं पोट बिघडलंय, की मी विचारायची, आप्पे करता का गो घरी? लोकांना वाटलं म्हातारीला आप्प्यांचं वेड लागलं. ते खोटंही नव्हतं. एसटी स्टँडच्या बाहेर राधाची गाडी आहे, बाजारच्या दिवशी मी तिथे आप्पे खातेच. राधा म्हणजे हसरी, हाताला चपळ पोरगी. नवरा नितीन हायवेवर खर्डीच्या बाजूला पंक्चर काढतो, आणि छकुली नावाची तिची चिमुरडी शाळा सुटली की गाडीखालच्या क्रेटवर बसून अभ्यास करते. मी राधालाही सगळं सांगितलं, खाता खाता.

"अगो बाई," राधा म्हणाली, "कुनाचं तरी लेकरू खात असंल. कसे लोक असतात ना आजी? अजून चटणी देऊ?"

"दे," मी म्हणाले.

मग मी एसटीने मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला गेले. भावजय एकटीच घरी होती. चहा होईपर्यंत मी तिचं स्वयंपाकघर तपासलं. मांडणी बघितली, फळी बघितली, मग स्टुलावर चढून माळ्यावर डोकं घातलं. भावजय कप घेऊन आली तेव्हा तिला फक्त माझे पाय दिसले.

"वन्सं, काय शोधताव? आमच्या भांड्यांना काय किडे पडलेत?"

मी उतरले आणि पिशवीतला गोळा दाखवून गोष्ट सांगितली. ती आधी रागावली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"आप्पे? आमच्यात कोन करतं गो आप्पे? भाकऱ्या थापता थापता हात मोडतात. या गावात आप्पेपात्र दिसलं तर मला सांगा, मी बघायला येते. आप्पे खातात ते तुमी शहापूरवाले. स्टँडवर उभ्या ऱ्हाऊन."

मी कप खाली ठेवला आणि पिशवी उचलली.

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर काहीच बघितलं नाही. नितीनचं पंक्चरचं दुकान. चाकांची वजनं. चाक बदललं की जुनी वजनं खाली पडतात, हायवेच्या कडेलाही उडून पडतात, रोज वेचली तर डबाभर होतात. आणि घरी एक असं भांडं, ज्याला काही चिकटत नाही. बबनची सायकल रोज त्याच रस्त्याने जाते. मुरबाड नाही आणि वैशाखरे नाही. बबनने मला माझ्या स्वतःच्या माहेरी पाठवलं होतं, आणि मी स्टुलावर चढले होते.

तरी मनात म्हणत होते, नसेल. संशयी म्हणून एवढी वर्षं नाव कमावलं, पण त्या दिवशी देवाला म्हटलं, आज माझा संशय खोटा कर.

स्टँडवर उतरले ती थेट गाडीवर गेले. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. छकुली क्रेटवर बसून पहिल्या घाण्याचा आप्पा फुंकत होती. पहिला घाणा कधी कधी बिघडतो, म्हणून तो विकत नाहीत, पोरीला देतात.

"राधा, एका पात्रातले सगळे सात दे मला. एकाच पात्रातले."

"आजी, भूक लागली वाटतं माहेरात!"

तिने सात आप्पे दिले. मी एकेक उलटा केला. पहिला गुळगुळीत, दुसरा गुळगुळीत. सहावा उलटा केला. सोनेरी, खरपूस, आणि बुडाला स्पष्ट चंद्रकोर. ती कोर मी किती बाजारांना चटणीत बुडवून खाल्ली असेल, याचा हिशोब मी अजून केलेला नाही.

गिऱ्हाइकांसमोर ओरडले असते तर राधाची गाडी त्याच दिवशी बंद झाली असती. मी पुढे वाकून हळू म्हणाले, "गॅस बंद कर. या भांड्यात शिसं ओततात."

राधाचा चेहरा बदलला. तिने आधी समोरच्या वडापावच्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आजी, तुला त्यानं पाठवलं काय?" तीही हळूच बोलली, पण दात आवळून. "माजा धंदा पाडायला? दोन वर्सं खातीस तू माज्या हातचं."

म्हणजे संशय कसा असतो तो मला पहिल्यांदा समोरून दिसला. मी पिशवीतून गोळा काढला आणि तिच्या पात्राच्या रिकाम्या खळग्यात ठेवला. जरा फिरवला. कोर आपल्या जागेवर आली आणि गोळा टक करून बसला, जसा काही तिथेच जन्मला होता. जन्मलाच होता.

राधाने गॅस बंद केला. खाली वाकली आणि छकुलीच्या हातातला आप्पा काढून घेतला. पोरगी रडायला लागली. राधा गिऱ्हाइकांना म्हणाली, "पीठ संपलं," आणि पिठाने अर्धं भरलेल्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"तिचं पोट दुखतं आजी," ती मला म्हणाली. "दिवाळीपासून. मला वाटलं जंत झाले असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन दुकानात आला, तावातावाने.

"आजी, मी काय येडा हाय? वतून झालं की राखेनं घासतो, मग आगीत लाल करतो. आगीत काय ऱ्हातं? आगीत सगळं शुद्ध व्हतं!"

हीच ती चूक. आमच्याकडे सगळ्यांची. बाळंतिणीची खोली असो, कोयता असो की पाणी, आगीला दाखवलं की आमचं समाधान होतं. शिसं आगीला भीत नाही. आग तर त्याचं माहेर.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. चहाचा कप समोर ठेवला. "हात पुढे कर. आता मनगट सोड. पूर्ण सोड, लटकू दे. हां. आता कप उचल."

त्याने बोटांनी प्रयत्न केला. कप कलंडला आणि चहा सांडला.

"माज्या सासऱ्यांनी असा चहा घेतला, मरेपर्यंत," मी म्हणाले. "आणि ते मोठं माणूस होते. तुजी छकुली केवढी हाय?"

नितीनने कप सरळ केला. मग बाहेर जाऊन मोटारसायकलवर बसला आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

छकुलीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून रक्त मुंबईला गेलं. रक्तात शिसं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात, आता हे पोटात जाणं थांबवा, पुन्हा पुन्हा तपासायला आणा. गोळ्या दिल्या, खाणं सांगितलं. पोटदुखी हळूहळू गेली. राधा मधे म्हणाली, पोरगी पाढे विसरते. मी म्हणाले, मीही विसरायचे. ते खरंही आहे. पण मी अजून त्या पोरीकडे बघते, पुष्कळ वेळ, आणि त्याचं उत्तर मला मिळत नाही.

आप्पेपात्र राधा स्वतः घेऊन आली. ते तिच्या आजीचं होतं. मी ड्रिलचं मशीन काढलं, तर म्हणाली, "मी पाडते." मी धरलं, तिने सात भोकं पाडली. कोरेच्या खळग्याशी आल्यावर थांबली, बोटाने कोर चाचपली, आणि मग जोर लावला. खिळे मी ठोकले. नंतर नितीनचा माल आला तेव्हा प्रत्येक गोळ्याला खळी होती, आणि कोरवाल्याला खळी नि कोर दोन्ही. माल थेट नितीनने आणला, मीच तसं सांगितलं होतं. बबन माझ्याशी महिनाभर बोलला नाही. मग एक दिवस येऊन म्हणाला, "आजी, छताकडं बघून बोललो तवाच तुला कळायला पायजे व्हतं." ते मात्र खरं होतं.

पण राधाची गाडी बसली. स्टँडवर बातमी लपत नाही. नवीन भांडं, नवा तवा, स्वच्छ फडकं, सगळं होतं. माणसं मात्र लांबून बघत आणि वडापावकडे वळत. राधा उभी असायची आणि आप्पे गार व्हायचे. तेव्हा मला एक गोष्ट सुचली. तरुणपणी सुचली असती तर नक्की उडाली असती.

बाजारच्या दिवशी मी गाडीसमोर अगदी मधोमध उभी राहिले. सगळ्यांना दिसेल अशी. राधाच्या हातून आप्पे घेतले. एक उचलला, उलटा केला, बुड बघितलं, पुष्कळ वेळ. मग खाल्ला. दुसरा उलटा केला, बघितला, खाल्ला. शहापुरात मला ओळखत नाही असं कोण आहे? संशयी म्हातारी खातेय म्हटल्यावर आधी एक बाई आली, मग दोघं आले. पुढच्या बाजारालाही मी तेच केलं. आयुष्यभर ज्या नावाने लोकांनी मला पाठीमागे हाक मारली, ते नाव एकदाच पुढून कामाला आलं.

राधा म्हणते, "खा गो आजी, आता तरी!" मी म्हणते, खाते, पण आधी बघते.

गंमत अशी की आता तिच्या गाडीवर सगळेच आप्पा आधी उलटा करून बघतात. मी केलं म्हणून त्यांनी केलं, त्यांचं बघून इतरांनी. परवा कसाऱ्याकडचा कुणी परका माणूस उभा होता. आजूबाजूचे सगळे आप्पे उलटे करतायत, म्हणून त्यानेही केला, आणि क्रेटवर बसलेल्या छकुलीला विचारलं, "बाळ, हे असं का करतात?"

छकुलीने आधी त्याच्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ.

"आत कोनी नाय ना," ती म्हणाली, "ते बघायचं."